मंथरकाचे मराठी नाव : द्वैभाषिक प्राणिकथा आणि सांडलेले हसू

एम. ए.च्या वर्गात भाषांतराचा पेपर शिकवताना आम्ही गेली काही वर्षे एक लहानसा स्वाध्याय देत आलो आहोत. ‘पंचतंत्रा’च्या दुसऱ्या तंत्रातल्या चार मित्रांची नावे फळ्यावर लिहायची : कावळा लघुपतनक, उंदीर हिरण्यक, कासव मंथरक आणि हरीण चित्रांग. मग विद्यार्थ्यांना सांगायचे, की ही नावे सात-आठ वर्षांच्या मुलासाठी मराठीत आणा. पहिली दहा मिनिटे वर्ग फार गंभीर असतो. ‘मंदगती’, ‘सुवर्णक’ अशी, एका संस्कृत शब्दाच्या जागी दुसरा संस्कृत शब्द बसवणारी उत्तरे येतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी कासवासाठी ‘श्री. रेंगाळे’ हे नाव सुचवतो आणि वर्गाचा बांध फुटतो. हरणाला ‘चितळे’ हे आडनाव मिळते. उंदराचे नाव ‘सोन्या’ ठरते, आणि गावाकडे हे नाव बैलाचे असते हे आठवून पुन्हा हशा होतो.

हा हशा ओसरला, की आम्ही एक प्रश्न विचारतो. या कथा मराठीत छापल्या जाऊ लागल्याला दोनशेहून अधिक वर्षे झाली. इतक्या वर्षांत श्री. रेंगाळे आपल्या पाठ्यपुस्तकांत का आले नाहीत? वर्गात पाच मिनिटांत सापडणारे हसू छापील पुस्तकांत का सापडत नाही? या प्रश्नाचे उत्तर केवळ भाषांतरकारांच्या कुवतीत शोधणे अन्यायाचे होईल. आमच्या मते ते दोन भाषा एका पानावर, किंवा निदान एका वर्गात, शेजारी आणण्याच्या इतिहासात आहे. त्या इतिहासाचा एक धावता आलेख येथे मांडण्याचा विचार आहे.

प्रथम मूळ कथेकडे पाहू. ‘पंचतंत्रा’तील ‘मित्रसंप्राप्ति’ हे तंत्र मैत्रीविषयी असले, तरी त्याची सुरुवात नकाराने होते. जाळ्यात सापडलेल्या कबुतरांची हिरण्यकाने केलेली सुटका कावळा पाहतो आणि त्याच्याशी मैत्री करण्यासाठी बिळाच्या तोंडाशी येतो. उंदीर आतूनच बोलतो. तू खाणारा, मी खाद्य. आपली मैत्री कशी व्हायची, असे त्याचे म्हणणे. कावळा सुभाषितांमागून सुभाषिते ऐकवतो, उंदीर तितक्याच तयारीने उत्तरे देतो, पण बाहेर काही येत नाही. शेवटी मैत्री मान्य करतानाही तो अट घालतो, की माझ्या दुर्गात तू पाऊल टाकायचे नाहीस. बिळाला दुर्ग म्हणणारा हा वीतभर गृहस्थ आणि त्याच्या दाराशी नीतिशास्त्र सांगत बसलेला कावळा हे संस्कृत साहित्यातले एक निखळ विनोदी दृश्य आहे. त्यातील विनोद भीतीतून निर्माण होतो आणि मैत्रीही त्या भीतीला न नाकारता होते.

कथेचा शेवटही याच सूत्राने जातो. पारध्याने धरलेल्या मंथरकाला सोडवण्यासाठी हरीण मेल्याचे सोंग घेऊन तळ्याकाठी पडते, कावळा त्याच्यावर बसून टोचा मारल्यासारखे करतो, पारधी कासव टाकून हरणाकडे धावतो आणि उंदीर बंधन कुरतडतो. येथे कोणीही आपला स्वभाव सोडलेला नाही. कावळा कावळ्यासारखाच वागला, उंदराने उंदराचेच काम केले. भिन्न जातीच्या प्राण्यांची मैत्री म्हणजे त्यांनी एकसारखे होणे नव्हे, हे कथा कोणताही उपदेश न करता सांगून जाते. हे सूत्र मनात ठेवावे. पुढे भाषांविषयी बोलताना ते उपयोगी पडेल.

या कथेचा प्रवास सुपरिचित आहे. सहाव्या शतकात बुर्झोए या इराणी वैद्याने ती पहलवीत नेली, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ती ‘कलीला व दिम्ना’च्या रूपाने अरबीत आणली. तेथील मैत्रीचे प्रकरण इतके लोकप्रिय झाले, की ‘इख्वान अस्-सफा’ या दहाव्या शतकातील विद्वन्मंडळाचे नाव त्यावरूनच पडले असावे, असे गोल्डत्सिहर या अभ्यासकाने सुचवले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या प्रवासात प्राणी आणि झाडे बिनदिक्कत बदलली. वानराला पाठीवर घेऊन जाणारी आणि त्याचे काळीज मागणारी आपली मगर अरबीत कासव झाली, जांभळाच्या झाडाचे अंजिराचे झाड झाले. ज्या भाषेत कथा गेली त्या भाषेने ती आपली म्हणून सांगितली. मूळ शब्द शेजारी ठेवून प्रत्येक पावलाचा हिशेब देण्याची गरज तिला भासली नाही.

दोन भाषा एकाच पानावर आणून प्राणिकथा शिकवण्याचे एक ठळक उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने १६९३च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मुलांच्या वाचनासाठी इसापाची शिफारस केली होती, आणि पुस्तकात चित्रे असतील तर मूल अधिक रमेल असेही म्हटले होते. १७०३ साली इसापाच्या कथांचे इंग्रजी-लॅटिन पुस्तक लंडनमध्ये निघाले. त्याचे कर्तृत्व लॉककडे दिले जाते. एका भाषेची ओळ आणि तिच्याखाली दुसऱ्या भाषेची ओळ अशी त्याची रचना होती, सोबत प्राण्यांची चित्रे होती. गुरू नसलेल्या कोणालाही या दोहोंपैकी हवी ती भाषा शिकता यावी, हा त्याचा जाहीर हेतू. लॅटिन येणाऱ्याने इंग्रजी शिकावी आणि इंग्रजी येणाऱ्याने लॅटिन. निदान हेतूत तरी दोन्ही भाषा एका पायरीवर उभ्या होत्या. ही समानता पुढे फार काळ टिकली नाही.

शंभर वर्षांनी हे तंत्र कलकत्त्यास पोचले. १८०० साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीचे तरुण नोकर देशी भाषा शिकत. त्यांच्यासाठी जॉन गिलख्रिस्टने १८०३ साली इसापाच्या व इतर जुन्या कथांचा एक बहुभाषी संग्रह काढला. हिंदुस्तानी, फारसी, अरबी, ब्रज, बंगाली आणि संस्कृत अशा सहा भाषांतील ही भाषांतरे रोमन लिपीत छापली होती. सहा भाषांना एकच गणवेश चढवल्यासारखी ती दिसत असणार. पुढल्याच वर्षी, १८०४ मध्ये, विल्यम केरीने संपादिलेला संस्कृत ‘हितोपदेश’ श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याची प्रस्तावना कोलब्रुकची होती. नागरी लिपीत छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या संस्कृत पुस्तकांपैकी हे एक.

यातला योगायोग पाहण्यासारखा आहे. ‘पंचतंत्रा’च्या चौकटकथेत विष्णुशर्मा सहा महिन्यांत शहाणे करण्याचा विडा उचलतो ती दक्षिण देशातल्या महिलारोप्य नगरीच्या राजाची तीन मठ्ठ मुले. कलकत्त्यातील विद्यार्थीही अभ्यासापेक्षा इतर गोष्टींत रमण्याच्या वयातले आणि उद्याचे राज्यकर्ते. अभ्यासाचा कंटाळा असलेल्या तरुणांसाठीच प्राणी पुन्हा बोलू लागले. मात्र विष्णुशर्म्याला आपल्या श्रोत्यांना हसवून व्यवहार शिकवायचा होता, तर कंपनीच्या पंडितांना विभक्ती आणि धातुरूपे शिकवायची होती.

ही परंपरा इंग्लंडमधील हेलिबरी कॉलेजात चालू राहिली. फ्रान्सिस जॉन्सनची ‘हितोपदेशा’ची शब्दकोशासह आवृत्ती १८४७ची. तिचे टोक म्हणजे मॅक्स म्युल्लरने १८६४ साली ‘हितोपदेशा’च्या पहिल्या भागाचे काढलेले पुस्तक : संस्कृत मजकूर, ओळीखाली रोमन लिप्यंतर, व्याकरणविश्लेषण आणि इंग्रजी भाषांतर. हा पहिला भाग म्हणजे ‘मित्रलाभ’. ‘पंचतंत्रा’ची सुरुवात मित्रभेदाने होते, नारायणपंडिताने ‘हितोपदेश’ रचताना क्रम बदलून मैत्रीला पहिले स्थान दिले. त्यामुळे एका युरोपीय पिढीच्या संस्कृतची सुरुवात कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांच्या मैत्रीने झाली. पण अशा पुस्तकात हसायचे कुठे? हसू वाक्याच्या वेगावर जगते. प्रत्येक शब्दापाशी थांबून त्याचे लिंग-वचन तपासणाऱ्या वाचकाला उंदराची अट वाचून हसू येईपर्यंत उंदीर तृतीयेतून षष्ठीत गेलेला असतो. एका भाषेने मजकूर द्यायचा आणि दुसरीने टाचण पुरवायचे, असे हे नाते. त्यात शिकाऊपणा होता, मैत्री नव्हती.

मराठीकडे वळताना हा सगळा संदर्भ लक्षात ठेवावा लागतो, कारण मराठी मुद्रित बालवाङ्मयाचा जन्मही याच काळातला. तंजावरच्या सरफोजी राजांच्या प्रेरणेने सख्खण पंडितांनी केलेला इसापाच्या कथांचा अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने १८०६ साली निघाला. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि इंग्रजी ज्या दरबारात एकत्र नांदत होत्या, तेथे हे पुस्तक व्हावे हे स्वाभाविक होते. श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांचा मराठी ‘हितोपदेश’ १८१५ साली मोडी लिपीत छापला गेला. मुंबईत ‘पंचोपाख्यान’ १८२२चे. सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके १८२८ची. ‘बाळमित्र’ हा बेर्कॅं या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाचा इंग्रजीमार्गे आलेला अवतार.

या यादीत दोन प्रवाह दिसतात. ‘हितोपदेश’ आणि ‘पंचोपाख्यान’ संस्कृत परंपरेतून आले, तर ‘बालबोध मुक्तावली’ आणि छत्र्यांची पुस्तके युरोपीय वाङ्मयातून. शाळेत दुसऱ्या प्रवाहाचा वरचष्मा राहिला आणि त्याच्याबरोबर ‘तात्पर्य’ आले. कथा संपल्यावर खाली एक ओळ सोडून लिहिलेले ते वाक्य आपण सर्वांनी पाठ केले आहे, आणि परीक्षेत त्याला गुणही मिळवले आहेत. छत्र्यांच्या पिढीची कामगिरी मोठीच आहे. शाळेत वाचायला द्यावे असे मराठी गद्य हाताशी नसताना त्यांनी ते घडवले. पण तात्पर्याच्या या सवयीने आपल्याच जुन्या कथा वाचण्याची आपली पद्धत बदलली, हेही मान्य केले पाहिजे.

संस्कृत कथेत नीतिवाक्य कथेच्या बाहेर उभे नसते. ते कोणत्या तरी प्राण्याच्या तोंडी असते, आणि तो प्राणी प्रामाणिक असेलच असे नाही. ‘मित्रलाभा’तला म्हातारा वाघ हातात दर्भ घेऊन सोन्याचे कंकण दान करायला बसतो आणि धर्मवचने म्हणतो. दीर्घकर्ण नावाचा बोका आंधळ्या जरद्गव गिधाडापुढे उभा राहून सांगतो, की मी गंगेत नित्य स्नान करतो, मांस वर्ज्य केले आहे, ब्रह्मचारी आहे आणि सध्या चांद्रायण व्रत चालू आहे. त्यानंतर तो झाडावरची पिले एकेक करून फस्त करतो. अशा बोक्याची थट्टा फार जुनी आहे. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटावर दोन पायांवर उभे राहून तप करणारे मांजर आणि त्याच्या आसपासचे उंदीर आजही पाहता येतात. शंभर उंदीर खाऊन काशीला निघालेले म्हणीतले मांजर त्याच घराण्यातले. सुभाषित म्हणणाराच लबाड असू शकतो, हा या कथांचा खरा विनोद आणि कदाचित खरी शिकवणही. कथेखाली तात्पर्य लिहिले, की नीतिवाक्य पुन्हा निर्दोष होते आणि बोका निसटतो.

या सगळ्यात पुण्याशी संबंधित एक वेगळे उदाहरण आहे. १८५७ साली एडविन आर्नल्ड हे तरुण इंग्रज कवी पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचे, म्हणजे पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेचे, प्राचार्य होऊन आले. ‘लाइट ऑफ एशिया’ हे त्यांचे गाजलेले काव्य बरेच नंतरचे, १८७९चे. १८६१ साली त्यांनी ‘हितोपदेशा’चे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. ते शब्दाला शब्द लावत बसले नाहीत. त्यांनी नावांची भाषांतरे केली. त्यांचे कासव ‘स्लो-टोज’ झाले, उंदीर ‘गोल्डन-स्किन’, बोका ‘लॉंग-इअर’ आणि बिचारे जरद्गव ‘ग्रे-पेट’. ‘स्लो-टोज’ हे नाव ऐकताच इंग्रजी मुलाला कासवाची पावले दिसतात आणि ते हसते. संस्कृत जाणणाऱ्याला ‘मंथर’ ऐकून हेच होत असणार. पुढे १९२५ साली आर्थर रायडर या अमेरिकन संस्कृतज्ञाने ‘पंचतंत्रा’च्या भाषांतरात हीच वाट धरली, त्याची नावे आणखी आटोपशीर आहेत : ‘स्विफ्ट’, ‘गोल्ड’, ‘स्लो’ आणि ‘स्पॉट’.

आर्नल्ड पुण्यात राहून हे करत असताना मराठी शाळांतले मंथर मंथरच राहिले. मराठीला संस्कृत नावे जशीच्या तशी घेता येतात, आणि ही सोय येथे अडचण ठरली. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून त्याचे भाषांतर करावेसे वाटत नाही. पण मुलाला त्याचा अर्थ कळत नाही, म्हणून ते हसत नाही. इंग्रजीला दुरून यावे लागले, म्हणून तिने नवे नाव शोधले. जवळच्या भाषेने ते कष्ट घेतले नाहीत. भाषांतराच्या अभ्यासकांना हा मुद्दा विचारार्ह वाटावा.

विसाव्या शतकात चित्र आले आणि परिस्थिती हळूहळू पालटली. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाने एकच सचित्र पुस्तक अनेक भारतीय भाषांत काढण्याची पद्धत रूढ केली. दोन भाषा एकाच पानावर घेऊन येणारी चित्रपुस्तके चेन्नईच्या तूलिका या १९९६ साली सुरू झालेल्या प्रकाशनसंस्थेने सातत्याने काढली. इंग्रजीच्या जोडीला असलेल्या भारतीय भाषांत मराठीही आहे. बंगळुरूच्या प्रथम बुक्सने, म्हणजे २००४ साली स्थापन झालेल्या संस्थेने, २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’वर खुल्या परवान्याने कथा ठेवल्या. त्या कोणालाही आपल्या भाषेत आणता येतात. अशा पुस्तकांत प्राण्यांची थट्टामस्करी भरपूर असते, आणि लॉकचे जुने म्हणणे येथे खरे ठरते. मूल आधी चित्र पाहून हसते. मग ते हसू कोणत्या भाषेत कसे सांगितले आहे ते पाहते. व्याकरणाच्या पुस्तकात शेवटी यायला हवे होते आणि वाटेतच सांडत होते, ते हसू येथे पहिल्यांदा हाती लागते.

तरीही सारे आलबेल आहे असे म्हणवत नाही. इंग्रजी-मराठी पुस्तक विकत घेणाऱ्या पालकाच्या मनात बहुधा इंग्रजीच असते. मराठी ओळ ही इंग्रजीकडे जाण्याची पायरी. पाय ठेवून झाला, की तिचे काम संपले. अशा पुस्तकातले मराठी वाक्य अनेकदा इंग्रजी वाक्याच्या अंगावर बेतलेले असते, आणि त्यात विनोद उरत नाही. मॅक्स म्युल्लरच्या पानावर इंग्रजी जे टाचणाचे काम करत होती, तेच आता मराठीकडे आले आहे. इंग्रजीच्या कावळ्यासमोर आपण बिळातून बोलत आहोत हे आपल्याला कळते. पण गोंडी, कोरकू किंवा वारली घरातून शाळेत आलेल्या मुलाच्या दृष्टीने बिळाच्या तोंडाशी बसलेला कावळा मराठी आहे, हे आपण मराठीचे प्राध्यापक सहसा लक्षात घेत नाही. त्या मुलाला मराठी-गोंडी पुस्तक देताना गोंडी ओळ फक्त मराठीची टीप म्हणून छापली, तर आपण तेच करतो आहोत ज्याबद्दल इंग्रजीकडे तक्रार करतो.

येथे हिरण्यकाची अट आठवावी. त्याने मैत्री नाकारली नाही. दुर्गात पाऊल टाकायचे नाही, एवढेच सांगितले. द्वैभाषिक पानावरच्या प्रत्येक भाषेला असा एक दुर्ग हवा. तिथे तिची नावे, तिच्या म्हणी आणि तिची थट्टा तिच्याच पद्धतीने चालेल. कासव सोडवायचे काम दोघींचे असले, तरी कावळ्याने टोचावे आणि उंदराने कुरतडावे. इंग्रजी पानावर ‘स्लो-टोज’ असेल, तर मराठी पानावर ‘हळू-बोटे’ नको, तिथे श्री. रेंगाळेच हवेत. दोन्ही पाने वाचणाऱ्या मुलाला तो फरक दिसेल आणि त्या फरकाचेही हसू येईल. दोन भाषा येण्याचे सुख म्हणतात ते बहुधा हेच.

मागील वर्षी याच स्वाध्यायात घरी अहिराणी बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने मंथरकाचे नाव आपल्या बोलीत सांगितले. सांगण्याआधी ती थोडी घुटमळली, ‘हे पेपरात चालेल का’ असे तिने विचारले. आम्ही चालेल म्हटले. वर्गातील तिच्या गावाकडच्या दोघी आधी हसल्या, मग त्यांनी बाकीच्यांना अर्थ सांगितला, मग सगळे हसले. तेवढ्यात तास संपला आणि तात्पर्य लिहायचे राहून गेले.